वसगीकाठची विहीर

गुणमालाचं सासर आणि माहेर एकाच नदीवर आहे. वरच्या अंगाला नेर्लगी, ते सासर, सांगली जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या कडेला. तिथून पाण्याच्या वाटेनं खाली गेलं की मल्लनहट्टी, ते माहेर, कर्नाटकात. मधून दोन राज्यांची हद्द जाते असं म्हणतात. डोळ्याला दिसते ती एवढीच, की दुकानांच्या पाट्यांची अक्षरं बदलतात आणि बाया बोलता बोलता कानडीत शिरतात. वसगी नदीला यातलं काही ठाऊक नाही. तिला नदी म्हणायचं तेही जरा मान ठेवून. पावसाळ्यात थोडे दिवस दांडगाई करते आणि होळीपर्यंत डबक्यांवर येते. पण तिच्या काठच्या विहिरींना पाणी असायचं, आणि त्या कोरड्या पट्ट्यात तेवढ्याच्या जोरावर माणसं ताठ मानेनं जगत होती.

लग्न होऊन गुणमाला आली तेव्हा सासूनं तिला घर दाखवायच्या आधी विहीर दाखवली. नेर्लगीतली जैन घरं मोजकीच, सगळी शेतीवाली, पण पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. जाड कापड दुहेरी करून त्यातून पाणी गाळायचं. कापडावर जे राहतं, डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे जीव, ते गाळलेल्याच पाण्यानं खंगाळून पुन्हा त्याच विहिरीत सोडायचं. वरून ओतायचं नाही, आपटून मरतील. त्यासाठी बुडाला कडी असलेली एक लहान बादली असते. ती दोरानं अलगद खाली सोडायची आणि पाण्याला टेकली की मग उलटी करायची. याला जिवाणी म्हणतात. गुणमालानं हे इतकं मनावर घेतलं की अंगात ताप असतानाही तिची जिवाणी कधी चुकली नाही. तिचा नवरा आदगोंडा चारचौघांत सांगायचा की हिचं पहिलं लग्न विहिरीशी लागलंय, मी आपला दुसरेपणाचा.

पुढं गावात बोअर आले आणि विहिरी मागं पडल्या. कुणी बुजवली, कुणाची ढासळली. पण दिगंबर मुनी महाराजांच्या आहाराला बोअरचं पाणी चालत नाही. नळातून आलेल्या पाण्याची जिवाणी परत सोडणार कुठं? त्यामुळं महाराज गावात आले की ज्या ज्या घरी चौका लागेल, म्हणजे त्यांच्यासाठी सोवळ्यातला स्वयंपाक होईल, त्या सगळ्या घरांना पाणी गुणमालाच्या विहिरीचं. अशा दिवशी ती पहाटेपासून काठावर उभी राहायची, कुणाचं कापड विटलंय, कुणाची बादली हिसक्यानं उलटी झाली हे बघायची आणि पोरीबाळींना सरळ फटकारायची. मोठेपणा कुणाला नको असतो? तिलाही हवा होता, आणि तिनं तो मनसोक्त घेतला.

तिचा धाकटा भाऊ पायगोंडा. आई लवकर गेली, म्हणून तिनंच कडेवर घेऊन वाढवलेला. लग्न ठरायच्या बेतात असताना तो एका मुनिसंघामागं चालत गेला आणि परत आला नाही. काही वर्षांनी त्याची दीक्षा झाली. गुणमाला दीक्षेला गेली होती. तो स्वतःच्या हातानं डोक्यावरचे केस उपटायला लागला तेव्हा तिला बघवलं नाही. मांडवामागं जाऊन रडली, तोंड पुसून परत आली आणि सगळ्यांसारखे हात जोडले. त्या दिवसापासून तो भाऊ राहिला नाही, महाराज झाला. मग राखी नाही, भाऊबीज नाही, बरा आहेस का म्हणून विचारणंही नाही. बहिणीला करता येईल अशी एकच गोष्ट उरली. विहार करत करत तो कधी या बाजूला आला आणि तिच्या दारी थांबला, तर त्याच्या ओंजळीत घास आणि पाणी देता आलं असतं. पण त्याचा संघ खाली दक्षिणेतच फिरत राहिला, आणि गुणमाला वाट बघत म्हातारी व्हायला लागली.

याच काळात नेर्लगीच्या वर, वसगी जिथून उतरते त्या टेकडीवर, एका ठेकेदारानं दगडाची खाण सुरू केली. मोठा रस्ता व्हायचा होता, त्याला खडी लागत होती. सुरुंग उडाला की फळीवरची भांडी खणखणायची. दगड भरडून उरलेली भुकटी उतारावर ओतली जायची. रस्ता झाला, गाड्या धावायला लागल्या आणि ठेकेदार यंत्रं उचलून निघून गेला. मागं राहिला तो पाण्यानं भरलेला भलामोठा खड्डा, त्यात जळक्या तेलाची पिंपं, सुरुंगाच्या दारूची भिजलेली पोती आणि शेजारी भुकटीचे ढीग. नेर्लगीनं याबद्दल तोंड उघडलं नाही, कारण निम्म्या गावाचे ट्रॅक्टर त्या खाणीवर चालले होते. आदगोंडाचाही चालला होता. तक्रार केली ती मल्लनहट्टीनं. तर इकडचे साहेब म्हणाले, तुम्ही दुसऱ्या राज्यातले, तिकडं सांगा. तिकडचे साहेब म्हणाले, खाण आमच्या हद्दीत नाही. हद्द कधी नव्हे ती सगळ्यांना स्पष्ट दिसायला लागली. वसगी मात्र सगळी घाण घेऊन बिनदिक्कत पलीकडं जात राहिली.

गुणमालाच्या कापडावर करडा थर धरायला लागला. पावसाळ्यानंतर तर बोटानं ओढला की रेघ उमटावी एवढा. तिनं काय करावं? तो थर निगुतीनं खंगाळला, कडीच्या बादलीत घेतला आणि परत विहिरीत सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि अशी वर्षं गेली. त्या थरात जीव असणार, मग तो बाहेर फेकायचा कसा? आदगोंडा वैतागून म्हणायचा की खाणवाला पळाला, पण त्याची भुकटी तू सांभाळून ठेवलीस. त्यानं दोनदा विहिरीचा गाळ काढायला माणसं आणली. दोन्ही वेळा ती काठावर ठाण मांडून बसली आणि माणसांना चहा पाजून वाटेला लावलं. गाळ उपसला की त्यातले जीव उन्हात तडफडणार, ते पाप माझ्या विहिरीला नको, असं तिचं म्हणणं. विहीर बुडाकडून भरत आली. दुसरी कुणी बाई असती तर तिनं ती भुकटी कधीच उकिरड्यावर टाकली असती. पण गुणमाला धर्म पाळत होती, त्यामुळं तिला समजावणार कोण?

गेल्या वर्षी परतीच्या पावसात खाणीतल्या खड्ड्याची कड फुटली. वसगीला एकदम फुगवटा आला, पाणी हिरवट-करडं, वर तेलाचा तवंग. मासे उताणे होऊन काठाला लागले. ज्योतिबा धनगर दर वर्षी कातरणीच्या आधी आपल्या मेंढ्या वसगीत धुवायचा. या वेळी लोकर धुतल्यावर कडक झाली, कातर चालेना, आणि आठवड्यात त्याची कोकरं मरायला लागली. तो कळप घेऊन दुसऱ्या शिवाराकडं निघाला. जाताना विहिरीपाशी थांबून गुणमालाला म्हणाला, “काकू, हितं बेडूक बी वरडंना झालाय. ह्ये पाणी मी कुत्र्याला बी पाजणार न्हाई.” तिला त्याचा भयंकर राग आला. नदीबद्दल काय म्हणायचं ते म्हण, ही माझी विहीर आहे, असं तिनं त्याला सुनावलं.

पण मनातून तिला ठाऊक होतं. पूर्वी तिच्या कापडावर बारीक लालसर अळ्या वळवळायच्या, पाणकिडे उड्या मारायचे. आता काहीच नव्हतं, नुसती भुकटी. जन्मभर ज्या बाईनं जीव वाचावेत म्हणून कापड धरलं, तिला कापडावर जीव नाहीत याचं बरं वाटायला हवं होतं. तिला धस्स झालं. तरीही ती जिवाणी सोडत राहिली. पाण्यात तुरटी फिरवायची, उकळायची, पाणी नितळ दिसलं की काही झालेलं नाही असं स्वतःला सांगायची. स्वतःची समजूत काढण्यात माणूस हुशार असतो, आणि गुणमाला काही कमी हुशार नव्हती.

चैत्रात मोबाईलवर निरोप आला. महाराज दोन ब्रह्मचाऱ्यांसह मल्लनहट्टीहून निघालेत, संध्याकाळी नेर्लगीला पोचतील, बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात, मुक्काम करतील आणि सकाळी आहार घेऊन पुढं जातील. कुठले महाराज, हे गुणमालाला विचारावं लागलं नाही. तिनं हातातलं काम खाली ठेवलं आणि नुसती बसून राहिली. मग उठली आणि सगळं घर धुवायला काढलं.

संध्याकाळी ती बस्तीत दर्शनाला गेली. सूर्य मावळला होता आणि महाराजांचं मौन सुरू झालं होतं. केवढा वाळला होता! टाचांना भेगा पडल्या होत्या, गुडघे सुजले होते. तिनं नमोस्तु म्हटलं. त्यांनी सगळ्यांसाठी उचलायचे तसाच मोरपिसांचा कुंचा तिच्यासाठीही उचलला. त्यात कमी नाही, जास्त नाही. ती घरी आली ती उद्याच्याच विचारात. उद्या तो आपल्या दारी थांबेल का, हेच एक तिच्या डोक्यात होतं. पाण्याचा विचार तिनं केला नाही. दुसऱ्या गावाहून पाणी आणायची व्यवस्था करता आली असती, पण त्यासाठी आपल्या विहिरीचं पाणी बिघडलंय हे तोंडानं बोलावं लागलं असतं.

पहाटे विहिरीवर नेहमीसारखी गर्दी झाली. शेजारची मंगल, तिच्या जावा, वरच्या गल्लीतल्या बाया. सगळ्यांनी पाणी गाळलं, जिवाणी सोडली. आज गुणमालानं कुणाला फटकारलं नाही. घरी चूल पेटली, भात शिजला, उकळलेलं पाणी निवत ठेवलं. महाराज निघायची वेळ होत आली आणि सून भाग्यश्री सोवळ्यातच भिंतीला टेकून रडायला लागली. गुणमालाला वाटलं, भाजलं की काय. तर भाग्यश्री म्हणाली, “आत्ती, आमी बाळीला ह्ये पाणी देत न्हाई. थंडीत तिचं पोट बिघडलं तवा डॉक्टरांनी पाणी बदला म्हणून सांगितलं. मिरजेस्नं जार आणतोय, गोठ्यात झाकून ठेवतोय. तुमाला वाईट वाटंल म्हणून सांगितलं न्हाई. पर आता म्हाराजांना पाजायचं म्हणजे मला भ्या वाटतंय.”

गुणमालानं विचारलं, धवलला माहीत आहे का. धवल तिचा मुलगा, बाळीचा बाप; जार तोच आणत होता. मग तिनं दारात कलश घेऊन उभ्या असलेल्या आदगोंडाकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. सगळ्या घराला माहीत होतं. तिचा मोठेपणा जपायला घरानं चोरून पाणी प्यायलं होतं. तिला राग यायला हवा होता, पण लाज वाटली. तेवढ्यात बस्तीतली घंटा वाजली.

महाराज आहाराला निघाले की उजव्या हाताची बोटं खांद्याला लावून मौनानं चालतात. मनात काही नेम धरलेला असतो. तो ज्या दारी जुळेल तिथं थांबतात. दारोदार जोडपी कलश आणि नारळ घेऊन उभी राहतात आणि हाक घालतात: हे स्वामी, नमोस्तु, थांबावं, थांबावं. थांबले तर त्यांना प्रदक्षिणा घालायची आणि मोठ्यानं सांगायचं की आमचं मन शुद्ध आहे, वाणी शुद्ध आहे, शरीर शुद्ध आहे, अन्नपाणी शुद्ध आहे. एवढं ऐकल्यावरच ते घरात पाऊल टाकतात. दिवसातून एकदाच अन्न आणि एकदाच पाणी, तेही त्याच वेळी. ती वेळ टळली की दुसऱ्या दिवसापर्यंत थेंब नाही.

महाराज गल्लीत आले. दोन घरं सोडून पुढं झाले आणि गुणमालाच्या दारी थांबले. मागच्या लोकांत हलकी कुजबूज झाली. बहिणीच्या दारी थांबले, केवढं भाग्य. दोघांनी प्रदक्षिणा घातली. महाराज खाली बघत उभे होते, अंगावर ऊन, ओठ सुकलेले. गुणमाला म्हणाली, “मनशुद्धी.” आवाज नीट आला. मग म्हणाली, “वचनशुद्धी.” आणि तिथंच तिची जीभ अडली.

लोकांना वाटलं, बाईला भरून आलंय. सगळे थांबले. आदगोंडानं पुढचं म्हणायला तोंड उघडलं, तर तिनं त्याचं मनगट धरलं. कधी धरलं नव्हतं असं घट्ट. समोर उभ्या या भावाला तिनं बोटानं पाणी चाटवलं होतं, तो दात येताना रडायचा तेव्हा. आज तो हात पुढं करून उभा राहणार होता, तिनं ओतायचं आणि त्यानं प्यायचं. एक वाक्य म्हटलं की झालं. तिनं हात जोडले, खाली वाकली आणि गप्प राहिली.

महाराज थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी पाऊल उचललं आणि पुढं गेले. पुढचं दार मंगलचं. ती हाक घालायला सज्ज होती, पण तिच्याही कलशात तेच पाणी होतं. तिनं गुणमालाकडं बघितलं आणि हाक घातलीच नाही. तिच्या पुढचीही गप्प राहिली. गल्लीच्या टोकाला एका गृहस्थानं हेका धरून खणखणीत हाक घातली, पण महाराज त्याच्या दारी थांबले नाहीत. ते बस्तीत परत गेले. सगळ्या गावाचा स्वयंपाक चुलीवर तसाच राहिला.

दुपारी बस्तीत माणसं जमली तेव्हा कुणी गुणमालाला बसायला जागा दिली नाही. उन्हाळ्याचे दिवस, महाराज एवढे वाळलेले, आणि सख्ख्या बहिणीनं दारातून उपाशी पाठवलं, असं उघड बोललं जात होतं. ती पुढं जाऊन उभी राहिली आणि विहिरीचं, कापडाचं, भुकटीचं, नातीच्या जारचं, सगळं सांगून टाकलं. गाळ आपणच परत परत टाकला, हेही सांगितलं. ज्यांचे ट्रॅक्टर खाणीवर होते ते खाली बघायला लागले. महाराजांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी कानडीत, लहानपणी घरात बोलायचे तशा कानडीत विचारलं की मल्लनहट्टीतही हेच पाणी येतं का.

“व्हय महाराज,” गुणमाला म्हणाली. “नदी एकच हाय.”

“मग काल मी तेच प्यालो,” महाराज म्हणाले. त्यांनी दोष दिला नाही आणि शाबासकीही दिली नाही. काल मल्लनहट्टीत कुणी गप्प राहिलं नव्हतं, एवढंच तिला त्यातून कळलं, आणि ते तिला फार लागलं. संध्याकाळी ऊन कलल्यावर ते तसेच कोरड्या ओठांनी आळगीवाडीकडं चालायला लागले. ते गाव माळापलीकडं आहे, वसगीचं पाणी तिकडं जात नाही.

गुणमालानं त्या दिवशी पाण्याला तोंड लावलं नाही. आदगोंडानं गोठ्यातला जार उघड्यावर आणून ठेवला, तरी नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर तो म्हणाला की खाणीचा खड्डा आणि ते ढीग आहेत तोवर विहिरीचा गाळ काढूनही उपयोग नाही. ती म्हणाली, माणसं सांगा, आणि खाणीवर काय करायचं ते गावाला विचारा, तुमच्या ट्रॅक्टरपासून सुरुवात करून. त्यानं हो म्हटलं. मग ती म्हणाली की उद्या मला आळगीवाडीला न्या.

सकाळी दोघं मोटरसायकलवर पोचली तेव्हा महाराज एका घरात उभे होते. आत गर्दी होती. गुणमाला मागं उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिला ओळखणारं तिथं कुणी नव्हतं. महाराजांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली. त्या घरच्या बाईनं, तिच्या सुनेच्या वयाची असेल, तांब्यातून बारीक धार धरली. पाणी ओंजळीत साचलं. ते प्याले. पुन्हा ओंजळ पुढं झाली, पुन्हा धार आली, ते पुन्हा प्याले. गळ्याची घाटी वरखाली होताना गुणमालाला लांबूनही दिसत होती. ती हे सगळं बघत राहिली. तिच्या हातून व्हायचं होतं ते दुसरीच्या हातून होत होतं, आणि तिला त्या बाईचा राग आला नाही.

आहार झाला, महाराज निघून गेले, गर्दी पांगली. घरची बाई रिकामा तांब्या घेऊन बाहेर आली तर उंबऱ्याशी एक अनोळखी म्हातारी उभी. काय पाहिजे म्हणून तिनं विचारलं.

गुणमाला म्हणाली, “बाई, मलाबी घोटभर पाणी द्या.”